एलिया येऊन गेला, की अजून यायचाय? ठाण्यातल्या दोन वास्तू आणि मसीहाचा जुना वाद

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

इस्राएलची एखादी बातमी आली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या ग्रुपवर दोन वाक्यं हमखास पडतात. पहिलं, "ज्यू आणि ख्रिश्चन एकच हो, दोघांचं बायबल एकच." दुसरं, "ज्यूंनी येशूला मारलं, म्हणून त्यांचं वैर." पहिलं वाक्य अर्धवट आहे. दुसरं चुकीचं आहे, आणि त्यापायी युरोपात पिढ्यानपिढ्या माणसं मारली गेली. म्हणून हा विषय जरा मुळातून बघू. त्यासाठी जेरुसलेमला जायला नको. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं तरी पुरे.

ठाणे स्टेशनला उतरून तलावपाळीकडे गेलात की जवळच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळापासूनचं. मराठी बायबलात या संताला बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात. तिथून टेंभीनाक्याला चालत गेलं की शार हशामायिम, म्हणजे 'स्वर्गाचं दार' नावाचं सिनेगॉग. १८७९ सालचं. बेने इस्राएल समाजाचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या कामाला गेलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी ते बाहेरून पाहिलेलं असेल. दोन्ही वास्तूंत काही मिनिटांचं अंतर. पण ज्या प्रश्नावर दोन धर्म वेगळे झाले तो प्रश्न नेमका या दोन नावांच्या मध्ये उभा आहे: एलिया येऊन गेला, की अजून यायचाय?

एलिया कोण?

एलिया हा ज्यूंचा मोठा संदेष्टा. धर्मग्रंथात त्याला मरण नाही, तो अग्नीच्या रथातून थेट स्वर्गात गेला. मलाखी नावाच्या संदेष्ट्याने पुढे सांगितलं की देवाचा मोठा दिवस येण्याआधी एलिया परत येईल, आणि बापाची मनं लेकरांकडे व लेकरांची मनं बापाकडे वळवील. तिथून समजूत पक्की झाली: आधी एलिया, मग मसीहा.

आता ख्रिस्ती काय म्हणतात बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात शिष्य येशूला हाच प्रश्न विचारतात, की आधी एलियाने यायला हवं ना? येशू सांगतो, तो येऊन गेला, लोकांनी ओळखलं नाही. शिष्यांना कळतं की हे योहानाबद्दल आहे. हा आपल्यासारखा पुनर्जन्म नव्हे. एलियाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने आलेला माणूस, असा त्याचा अर्थ. म्हणजे तलावपाळीच्या चर्चला ज्याचं नाव आहे, तोच ख्रिस्ती लोकांच्या मते येऊन गेलेला एलिया. आणि एलिया आला म्हटल्यावर मसीहाही आला.

बेने इस्राएलांकडे मात्र एलिया, म्हणजे त्यांचा एलियाहू हनाबी, अजून यायचाय. लग्न असो, नवीन घर असो, नवस फेडायचा असो, त्यांच्याकडे मलिदा होतो. ताटात पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, फळं. एलियाहूचं नाव घेऊन गाणी-प्रार्थना होतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. जगभरच्या ज्यूंचा एलिया, पण पोह्यांचा प्रसाद फक्त आपल्या कोकणातला.

एक गंमत सांगतो. घरात बायबल सोसायटीचं मराठी बायबल असेल तर उघडून बघा. जुना करार मलाखीपाशी, म्हणजे एलियाच्या वाटेवर संपतो आणि पान उलटलं की मत्तय. उत्तर तयार! ज्यूंच्या ग्रंथात पुस्तकं जवळपास तीच, पण क्रम वेगळा. त्यांचं शेवटचं पुस्तक इतिहासाचं. त्याच्या शेवटी इराणचा राजा कोरेश बंदिवान ज्यूंना सांगतो की जा, यरुशलेमला परत जा. एका मांडणीचा शेवट 'तो येतोय' असा, दुसरीचा 'घरी चला' असा.

मसीहा म्हणजे अभिषिक्त

हा शब्द आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवा. हिब्रूत मशिआह म्हणजे ज्याला तेलाचा अभिषेक झाला तो. ६ जून १६७४ ला रायगडावर जे घडलं ते आपण राज्याभिषेक म्हणूनच ओळखतो. तसंच तिकडे शमुवेल संदेष्ट्याने आधी शौलाला, मग दावीदाला तेलाचा अभिषेक केला आणि ते राजे झाले. याजकांनाही अभिषेक व्हायचा. यशयाच्या ग्रंथात तर त्या परक्या, परधर्मी कोरेशालाही देवाचा अभिषिक्त म्हटलंय. म्हणजे सुरुवातीला हा शब्द पदाचा होता, देवत्वाचा नव्हता. त्याच शब्दाचं ग्रीक भाषांतर ख्रिस्तोस, आणि त्यावरून आपल्याकडे ख्रिस्त. येशू ख्रिस्त हे नाव-आडनाव नाही, 'अभिषिक्त येशू' असा तो दावा आहे.

राज्य गेलं, लोक बंदिवान झाले, परक्यांचा अंमल आला. तेव्हा दावीदाच्या वंशात पुन्हा एक अभिषिक्त राजा येईल ही आशा वाढत गेली. तो काय करील? विखुरलेल्यांना परत गोळा करील, यरुशलेमचं मंदिर उभं राहील, राष्ट्रं लढाया सोडतील, तलवारी मोडून नांगराचे फाळ होतील. ही सगळी कामं या जगातली, डोळ्यांना दिसणारी. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या ज्यू पंडिताने नियम सरळ मांडला: दावीदवंशीय राजाने ही कामं पुरी केली तर तो मसीहा. अपयश आलं किंवा मारला गेला तर तो मसीहा नव्हे. तो मसीहा हाडामांसाचा माणूसच असेल. आपण मसीहा म्हटलं की कल्की अवतार डोळ्यांसमोर आणतो, ते ज्यूंना लागू पडत नाही.

हा नियम फक्त येशूला लावला असंही नाही. इ.स. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाने रोमनांविरुद्ध उठाव केला. रब्बी अकिवासारख्या थोर गुरूने त्याला मसीहा मानलं. उठाव चिरडला गेला, बार कोखबा मारला गेला, विषय संपला. १६६५-६६ मध्ये शब्बताई त्सवीमागे कित्येक देशांतले ज्यू वेडे झाले होते. तुर्की सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला आणि बहुतेकांचा भ्रम उतरला.

मग ख्रिस्ती लोकांचं म्हणणं काय?

येशू ज्यू. त्याचे पहिले शिष्य ज्यू. त्यांचीही अपेक्षा राजाचीच. पण रोमन सुभेदार पिलाताने त्याला इ.स. ३० च्या आसपास क्रुसावर दिलं. क्रूस ही रोमन शिक्षा, रोमन हुकमाने दिलेली. 'ज्यूंनी मारलं' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

वरचा नियम लावला तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. शिष्य मात्र म्हणाले, तो तिसऱ्या दिवशी उठला, आम्ही पाहिला. हा अनुभव त्यांच्यासाठी इतका मोठा की त्यांनी येशूला सोडलं नाही, उलट जुने ग्रंथ नव्याने वाचायला घेतले. यशयात एक दुःख सोसणारा सेवक आहे, जो दुसऱ्यांच्या पापासाठी मार खातो. शिष्य म्हणाले, हाच येशू. मसीहाचं पहिलं काम राज्य जिंकणं नव्हतंच, माणसाला पापातून सोडवणं हे होतं. शांतीचं राज्य उरलंय, ते दुसऱ्या येण्याच्या वेळी. म्हणजे मसीहा दोनदा: एकदा सोसायला, एकदा राज्य करायला.

ज्यू म्हणतात, तो सेवक म्हणजे एक माणूस नाही, इस्राएल हा सगळा समाजच. अकराव्या शतकातल्या राशी या भाष्यकाराने तसंच लावलंय. यशयातच आणखी एक जागा आहे, जिथे एका मुलीला मुलगा होईल असं म्हटलंय. हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. जुन्या ग्रीक भाषांतरात शब्द आला तो कुमारीचा. मत्तयाने ग्रीक वाचन घेतलं, ज्यूंनी हिब्रू धरून ठेवलं. भाषांतरातला एक शब्द काय करू शकतो हे सातबाऱ्यावरच्या एका शब्दासाठी तहसीलला खेपा घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि शेवटची गाठ देवाची. ख्रिस्ती श्रद्धेत येशू नुसता अभिषिक्त नाही, तो देवाचा पुत्र आणि स्वतः देव आहे. ३२५ सालच्या निकेयाच्या धर्मपरिषदेने ते शब्दांत पक्कं केलं. ज्यूंची रोजची प्रार्थना शमा. तिचा गाभा हा की देव एकच. देव माणूस होतो ही कल्पनाच त्यांना मान्य नाही.

म्हणजे बघा, एकाला विचारलं तर तो म्हणतो, 'जग अजून तसंच आहे, मग मसीहा आला कुठे?' दुसरा म्हणतो, 'तो आला, म्हणूनच जग बदलेल अशी आशा आहे.' येशू चांगला माणूस होता की नाही, हा वाद नाही. मसीहाचं काम कोणतं आणि ते झालं का, हा वाद आहे.

वाद रक्तापर्यंत कधी गेला?

१२६३ साली स्पेनमध्ये बार्सिलोनाला राजासमोर जाहीर वादसभा भरली. ख्रिस्ती बाजूला पाब्लो ख्रिस्तियानी, जन्माने ज्यू. दुसऱ्या बाजूला रब्बी नाखमानिदेस. त्याचा एक मुद्दा असा, की येशूपासून आजवर जग लुटालुटीने आणि हिंसेने भरलेलं आहे, मग शांतीचा मसीहा आला कसा म्हणायचा? राजाने त्याला बक्षीस दिलं. तरी पुढे म्हाताऱ्याला देश सोडून जावं लागलं. १४९२ ला तर स्पेनने सगळ्या ज्यूंनाच बाप्तिस्मा घ्या नाहीतर निघा म्हणून सांगितलं.

हे आपल्याकडेही आलं होतं. गार्सिया द ओर्ता हा गोव्यातला नामांकित वैद्य. भारतीय औषधांवरचं त्याचं पुस्तक १५६३ ला गोव्यात छापलं. त्याचं घराणं सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंचं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. १५६८ ला तो वारला, दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला छुपी ज्यू म्हणून जाळलं. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. वसई आणि ठाणंही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होतं.

ही माणसं एलियाच्या प्रश्नामुळे मेली का? माझ्या मते नाही. एका उत्तराच्या मागे राजाचा दंडुका उभा राहिला, म्हणून मेली. आणि हे पटायला आपल्या कोकणाइतका चांगला दाखला नाही.

कोकणात काय झालं?

बेने इस्राएल सांगतात की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष, सात बायका वाचल्या. ग्रंथ बुडाले. नेमका काळ कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण या किनाऱ्याचा पश्चिमेशी व्यापार जुना आहे. येशूच्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात कल्याण आणि सोपारा ही बंदरं आहेत, आणि त्या बंदरांकडे माल उतरायचा तो आपल्या मुरबाडच्या नाणेघाटातून.

हे लोक तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. गावांवरून आडनावं लागली: दिवेकर, राजपूरकर, केहिमकर. हिब्रू विसरले, पुस्तकं नव्हती. तरी त्यांच्या परंपरेप्रमाणे शमा टिकला, शनिवार टिकला, सुंता टिकली. देव एक, ही तेवढी ओळ त्यांनी जपली. पुढे सगळा वाद ज्या ओळीवर येणार होता तीच नेमकी.

१७९६ ला मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग झालं. त्याला ते मशीद म्हणत. सीएसएमटीच्या आधीच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

मग मिशनरी आले. अमेरिकन १८१३ ला, स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ ला. मिशनऱ्यांना वाटलं, या ज्यूंना त्यांचेच ग्रंथ नीट शिकवले तर येशू हाच मसीहा हे त्यांना आपोआप पटेल. म्हणून त्यांनी शाळा काढल्या, हिब्रू शिकवलं. विल्सनने तर हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, १८३२ मध्ये. जुना करार मराठीत मिळाला.

आणि झालं काय? बेने इस्राएल शिकले. मुलं शाळेत गेली, मुलीही गेल्या. हिब्रू परत आली. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीच्यांनी मिशनरी शाळेत मिळालेली विद्या घेतली आणि आपला धर्म अधिक नीट पाळायला लागले! जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्याला वल्हांडणाच्या सणाची पोथी मराठीसह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत.

मिशनऱ्यांनी शाळा बंद केल्या नाहीत. ज्यूंनी मास्तरांना शिव्या घातल्या नाहीत. एकमेकांना चूक मानत राहिले आणि एकमेकांच्या उपयोगी पडत राहिले.

त्याच शतकाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडली. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनं सुरू केली. ओवी, साकी, दिंडी आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. तर तिकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचं लहानपणीचं काही शिक्षण आपल्या कल्याणला झालं, १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगांतून, कीर्तनांतून ख्रिस्त गायला. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टाळ तेच, मराठी तीच. एकाच्या कीर्तनात मसीहाची वाट बघणं, दुसऱ्याच्या कीर्तनात त्याचा चरणस्पर्श. ऐकणाऱ्याला दोन्ही आपलंच वाटावं असं.

कोकणात हे जमलं कारण दोन्ही समाज लहान होते आणि इथल्या सत्तेने कुणाच्या उत्तराला शिक्षा ठरवली नाही. इथली माणसं जन्मतःच फार शहाणी होती असं मी म्हणणार नाही. गोव्याचं उदाहरण वर दिलंच आहे. जमीन तीच, फरक दंडुक्याचा.

आज काय?

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिकडे त्यांना नवाच धक्का बसला. काही रब्बींनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, लग्नं अडली. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य केलं. शेकडो वर्षं एक ओळ सांभाळणाऱ्यांना कागद मागितला गेला! तरी तिथे ते आजही मराठी जपतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी काढलं. २०११ च्या जनगणनेत भारतात ज्यू उरले साधारण साडेचार हजार. २०१६ मध्ये महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

ख्रिस्ती बाजूनेही पाऊल पडलं. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चने व्हॅटिकन परिषदेत जाहीर केलं की येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंवर लादता येणार नाही. ग्रुपवरचं ते दुसरं वाक्य खुद्द चर्चनेच तेव्हा खोडलंय. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मिळालं तर वाचा. २०१४ पर्यंत वसई आपल्याच जिल्ह्यात होती. म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यात दोन्ही उत्तरं नांदत होती, दोन्ही मराठीत.

हे सगळं शहापूर-मुरबाडला कशाला सांगायचं? कारण कोण कुठली प्रार्थना करतो, कुणाच्या घरी कोण येतं, याची चर्चा आपल्या गावकीतही होते. वर्गणी, पाणी, मयतीला जाणं या गोष्टी त्याला जोडल्या जातात. तुमचं मत ठाम असू द्या. बेने इस्राएलांचं होतं, टिळकांचंही होतं. कुणी कुणाला खोटं खोटं 'सगळं एकच' म्हटलं नाही. त्याची गरजही नव्हती. प्रश्न फक्त एवढाच, की मत वेगळं म्हणून शेजाऱ्याची पाण्याची वाट अडवायची का?

मलाखीने एलियाचं काम सांगितलंय ते बापलेकरांची मनं जुळवण्याचं. तो येऊन गेला म्हणा किंवा यायचाय म्हणा, हे काम अजून शिल्लक आहे, यावर चर्च आणि सिनेगॉग दोघांचं एकमत व्हायला हरकत नसावी.

पुढच्या वेळी ठाण्याला काम निघालं तर दोन्ही वास्तू बाहेरून का होईना बघून या. आणि ग्रुपवर ती दोन वाक्यं पुन्हा पडली तर ही पोस्ट तिथे टाका. मुद्दा पटला नसेल तर कमेंटमध्ये जरूर भांडा, पण नीट भाषेत.